वेगळं होताना राहत्या घराचा करार आपला आपण लिहिला तर? (फ्लॅट जुळे सोलापूर, कर्ज चालू)

वेणूची_आई

नमस्कार. आम्ही दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं आहे. दोन्हीकडच्या मोठ्यांच्या बैठका झाल्या, समजावून झालं, आता त्यांनीही मान्य केलंय. कोर्टात एकमेकांची उणीदुणी काढायची नाहीत, एवढं आमचं पक्कं आहे. मुलगी सातवीत आहे, ती माझ्याकडे राहील. तिचे बाबा नोकरीसाठी पुण्याला जाणार आहेत. सध्या एकाच घरात पण वेगळ्या खोल्यांत राहतो, त्याला वर्ष उलटून गेलं.

प्रश्न घराचा आहे. जुळे सोलापुरात टू बीएचके फ्लॅट, २०१४ साली दोघांच्या नावावर घेतला. सुरुवातीच्या रकमेत माझ्या पाटल्या आणि भिशीचे पैसे गेले, हप्ते बहुतेक त्यांच्या पगारातून गेले. आमच्या बिल्डिंगमध्ये नुकतीच विक्री झाली, त्यावरून किंमत ४५ लाखांच्या आसपास धरतो. कर्ज १४ लाख शिल्लक, कर्जावर दोघांच्या सह्या.

आम्ही बसून दोन पानी मसुदा केला. करार झाल्या दिवसापासून फ्लॅट माझा. पुढचे हप्ते मी भरायचे. मी त्यांना तीन वर्षांत आठ लाख द्यायचे. शेवटी एक वाक्य आहे, ते त्यांच्या मित्राच्या जुन्या करारातून घेतलंय: ‘आम्ही परस्पर संमतीने विभक्त राहत असून यापुढे मुलीच्या खर्चासह एकमेकांवर कोणताही हक्क वा मागणी राहणार नाही.’ हे ५०० च्या स्टँपवर टाइप करून नोटरी करायचं असा बेत आहे. एका नातेवाइकांचं म्हणणं, नोटरी झाली की सगळं झालं. खरंच एवढं पुरतं का?

कडकभाकरी

ताई, मसुदा दोघांनी एकत्र बसून केलात हे लय चांगलं झालं. निम्मं काम तिथंच होतंय. पण नोटरीवर थांबू नका म्हणून सांगायलोय. आमच्या शेळगीत अशा कागदावर दोन संसार मोडलेले मी बघितलेत, आणि दोन्हीकडं पुढं दुसऱ्या लग्नाच्या वेळी कायदेशीर घटस्फोट कुठाय म्हणून विचारलं. सविस्तर जाणकार सांगतीलच.

सुलभा_कौटुंबिक

वेणूच्या आई, मी सोलापुरातच कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, म्हणून जरा लांब लिहिते.

हिंदू विवाह कायद्याखाली (तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे) लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं. ज्या समाजात रूढीनं काडीमोड चालत आली आहे त्यांच्यासाठी कलम २९ मध्ये वाट ठेवलेली आहे, पण ती रूढी पुराव्यानं सिद्ध करावी लागते. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की सह्या तुमच्याच आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयानं परिपत्रक काढून नोटरींना लग्नाचे आणि घटस्फोटाचे दस्त करू नका असं बजावलं आहे.

तुमचा रस्ता कलम १३ ब, म्हणजे परस्पर संमतीचा घटस्फोट. अर्जाआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. एका छताखाली असूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसाल तर तेही वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सुरेष्टा देवी खटल्यात सांगितलं आहे. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून हे सहा महिने न्यायालय परिस्थिती पाहून माफ करू शकतं. वेगळं राहण्याचा एकूण काळ पुरेसा झाला असेल आणि घर, मूल, पोटगी हे सगळं आधीच मिटलेलं असेल, तर माफीची शक्यता वाढते. म्हणजे तुमचा घरगुती करार वाया जात नाही. तोच नीट करून ‘संमती अटी’ म्हणून अर्जासोबत जोडायचा.

आता ते उसनं वाक्य. ते आजच काढा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, म्हणजे पूर्वीच्या १२५ मध्ये, परस्पर संमतीनं वेगळी राहणारी पत्नी पोटगीला पात्र नाही अशी तरतूद आहे. घटस्फोट व्हायच्या आधीच तुम्ही असं लिहून दिलंत आणि उद्या गोष्टी बिघडल्या, तर पोटगीच्या अर्जाला पहिली हरकत याच ओळीवर घेतली जाईल. आणि मुलीचा खर्च हा मुलीचा हक्क आहे. आई सही करून तो सोडू शकत नाही, न्यायालय तो मान्यही करणार नाही. तिथं उलट नेमकेपणानं लिहा: दरमहा किती, कोणत्या तारखेला, दरवर्षी किती वाढ, दहावी-बारावीनंतरच्या शिक्षणाचा वाटा कसा, आजारपण आलं तर काय.

फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानं महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. करार तुम्हीच लिहा, पण सहीच्या आधी दोघांनी वेगवेगळ्या वकिलांना दाखवा.

दस्तनोंदणी

मी दुय्यम निबंधक कार्यालयात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. घराच्या बाजूचं मी सांगतो.

तुमचा करार कितीही चांगला असला तरी त्यानं घर हलत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ वाचा. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क देणारा किंवा सोडणारा कागद नोंदवलाच पाहिजे. नोंदवला नाही तर कलम ४९ नुसार हक्काचा पुरावा म्हणून तो चालत नाही. ‘आजपासून फ्लॅट माझा’ हे वाक्य नोटरीच्या कागदावर लिहिलं तर तुमच्या घरात त्याला किंमत आहे, बाहेर नाही. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यावर, दोघांची नावं तशीच राहणार.

मग दस्त कोणता? बहुतेक लोक ‘हक्कसोडपत्र करा, स्वस्तात होतं’ असं सांगतात. महाराष्ट्रात हक्कसोडीची नाममात्र मुद्रांकाची सवलत वडिलोपार्जित मिळकतीपुरती आहे. नवरा-बायकोनं विकत घेतलेल्या फ्लॅटमधला हिस्सा सोडला तर त्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखतासारखंच शुल्क लागतं. काउंटरवर आल्यावर हे कळतं आणि माणसं हिरमुसून परत जातात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नवरा-बायकोत राहतं घर द्यायचं असेल तर बक्षीसपत्र आहे. त्याला मुद्रांक २०० रुपये. स्थानिक अधिभार वगैरे किती ते दस्ताआधी कार्यालयात विचारून घ्या. बक्षीसपत्राला दोन साक्षीदार आणि नोंदणी, दोन्ही सक्तीचं. पण लक्षात घ्या, सवलत ‘पती किंवा पत्नी’ला आहे. हुकूमनामा झाल्यावर तुम्ही एकमेकांचे कायद्यानं कोणी राहत नाही आणि सवलत जाते.

वेणूची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. ते वाक्य काढलं, मुलीच्या खर्चाचं वेगळं पान करतोय. तिच्या बाबांनाही हा धागा वाचायला दिला.

दस्तनोंदणी काका, एक विचारते. बक्षीसपत्र केलं आणि आठ लाखांचं त्यात लिहिलंच नाही तर? ते मी त्यांना वेगळे देईन.

दस्तनोंदणी

नको, ताई. बक्षीस म्हणजे मोबदला न घेता दिलेलं. पैसे घेऊन दिलं की ती खरेदी झाली, कागदावर नाव काहीही असो. आणि तुमच्या संमती अटींत आठ लाख लिहिलेले असणार, ते न्यायालयात दाखल असणार. एका सरकारी कचेरीत ‘प्रेमापोटी विनामोबदला’ आणि दुसरीत ‘आठ लाख’ अशी दोन तोंडं ठेवू नका. उद्या चुकवलेल्या शुल्काची दंडासह वसुली निघते. शिवाय त्या आठ लाखांचा कागद नसल्यानं तिच्या बाबांनाही काही आधार राहत नाही.

मनात शंका असेल तर मुद्रांक कायद्याच्या कलम ३१ खाली अभिनिर्णय मागा. दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा, ते शुल्क किती ते लेखी ठरवून देतात. सही करण्याआधी आकडा हातात येतो.

विजापूररोड

मी वकील नाही, शिक्षिका आहे. मला दुसऱ्याच वाक्यापाशी अडखळायला झालं: ‘हप्ते बहुतेक त्यांच्या पगारातून गेले.’ ताई, त्याच पगारातून हप्ते जाऊ शकले कारण किराणा, शाळेची फी, सासूबाईंची औषधं, पाहुणेरावळे कुणाच्या तरी पगारातून आणि कुणाच्या तरी कष्टातून निघत होते. तुम्ही नोकरी करता का, ते लिहिलेलं नाही. करत नसाल तरी मुद्दा तोच.

आपल्याकडे लग्नानंतर कमावलेल्या मालमत्तेची निम्मी-निम्मी वाटणी करणारा कायदा नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेत ती सोय आहे, इथं नाही. इथं बायकोला मिळतं ते राहण्याचं संरक्षण, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, सामायिक घरातून बेकायदा बाहेर काढलं जाऊ नये म्हणून. ते मालकी देत नाही. त्यामुळे घर चालवण्यात तुमचा वाटा किती, हे ठरवायची जागा म्हणजे तुमचा हा घरगुती करारच. तिथं आकडा मांडताना संकोच करू नका.

आणि पाटल्या. ते स्त्रीधन होतं, घरात घातलंत. आठ लाख ठरवताना ते धरलं होतं का?

वेणूची_आई

नोकरी करते, खासगी शाळेत. पाटल्या धरल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर त्यांनीही विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. आज बोलले.

होटगीरोड

मी कर्ज विभागात काम करतो, कोणत्या बँकेत ते सोडा. तुमच्या मसुद्यातलं ‘पुढचे हप्ते मी भरायचे’ हे कलम बँकेला बांधत नाही. दोघांनी सह्या केल्यात म्हणजे संपूर्ण १४ लाखांना दोघंही जबाबदार. ताईंचा एक हप्ता चुकला तर साहेबांचा सिबिलही तितकाच घसरतो. त्यांना पुण्यात घर घ्यायचं असेल तर हे जुनं कर्ज त्यांच्या पात्रतेतून वजा होणार, हप्ते कुणीही भरत असो.

म्हणून त्यांचं नाव कर्जातून निघायला हवं. एकाच्या उत्पन्नावर कर्ज पेलत असेल तरच बँक सहकर्जदाराला सोडते. नाहीतर ताईंनी स्वतःच्या नावावर दुसरीकडून कर्ज घेऊन जुनं फेडायचं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. दोन्ही लेखी मागा.

पगार कमी पडला तर बँक भावाला किंवा वडिलांना सोबत घ्या म्हणेल. त्यांना सहकर्जदार किंवा जामीनदार करा, पण घरात मालक म्हणून नाव घालायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. एक हिस्सेदार कमी करायला निघालात आणि दुसरा आला, असं व्हायला नको. गहाण असलेल्या घराचा दस्त करण्याआधी बँकेची लेखी ना हरकत घ्यायचीच.

मूळचा_बार्शीचा

वरच्या मुद्द्याला दुजोरा. माझ्या मामेभावानं अशाच नोटरी करारावर घर वहिनींना दिलं आणि मनानं मोकळा झाला. बँकेला कुणी सांगितलंच नाही. वहिनींची नोकरी गेली तेव्हा वसुलीचे फोन त्याला यायला लागले. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. आधीच्या चांगल्या बोलण्यावर त्या फोनांनी पाणी फिरवलं, मुलांना भेटणंसुद्धा बंद झालं. कर्जाचं आधी मिटवा.

मागवाला_साखरपेठ

माझं जरा वेगळं हाय, याच धाग्यात विचारू का? घर साखर पेठेत, वडलांच्या नावावर, त्यांनी स्वतः घेतलेलं. खाली माग चालतात, टॉवेलचं काम हाय. वर आम्ही. बायको आणि मी वेगळं व्हायलोय. ती पोरांना घेऊन वरच्या मजल्यावर राहावी, मी खाली मागच्या खोलीत राहतो असं ठरवायलोय. वडलांचीही ना नाही. आम्ही दोघांनीच कागद केला तर चालेल का?

सुलभा_कौटुंबिक

दादा, तुमच्या नावावर नसलेलं घर तुम्ही करारात देऊ शकत नाही. मालक वडील आहेत, कागदावर त्यांची सही हवी. फक्त राहू द्यायचं आहे की वरचा मजला त्यांच्या नावावर करायचा आहे, हे आधी ठरवा. राहू द्यायचं असेल तर किती काळ, मुलं सज्ञान होईपर्यंत की कायम, वडिलांच्या पश्चात काय, हे स्पष्ट लिहा. वडिलांनी मृत्युपत्रात त्याच्याशी जुळेल असं लिहून ठेवलं नाही, तर पुढे तुमची भावंडं हिस्सा मागायला येतील आणि तुमचा कागद त्यांना रोखू शकणार नाही.

दस्तनोंदणी

मालकी द्यायची असेल तर आणखी दोन गोष्टी. बक्षीसपत्राच्या सवलतीच्या यादीत मुलगा, मुलगी, नातू, नात, पती, पत्नी आहेत. सून आहे, पण ती मयत मुलाची पत्नी असेल तरच. म्हणजे वडिलांनी थेट सुनेला दिलं तर सवलत नाही. नातवंडांना देता येतं, पण ती अज्ञान असतील तर पुढे विकायला न्यायालयाची परवानगी लागते. दुसरं, सवलत राहत्या घराला आणि शेतजमिनीला आहे. खाली माग चालतात ती जागा राहती धरली जात नाही. त्यामुळे दस्तात वरचा मजला वेगळा दाखवा, मोजमाप आणि चतुःसीमा घालून.

कडकभाकरी

मागवाले दादा, पाण्याचं लिहायला विसरू नका. आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, तुम्हाला वेगळं सांगायला नको. खालची हौद कुणाची, बोअर कुणाचं, मोटरचं बिल कोण भरणार, पाणी सोडल्यावर आधी वरची टाकी भरायची की मागाकडं घ्यायचं, हे सगळं लिहा. जिना कुणाच्या दारातून जातो? तिला रोज तुमच्या कामगारांमधून वर जावं लागत असेल तर ते राहणं सुखाचं नाही. आमच्या गल्लीत दोन भावांचं घर वाटलं गेलं तेव्हा भिंतीवर कुणी भांडलं नाही. हौदावरून बोलणं बंद झालं, आजतागायत.

मागवाला_साखरपेठ

जिना मागाच्या दारातूनच हाय. बाहेरून लोखंडी जिना टाकून देतो. हे सुचलंच नव्हतं. मागाचं मीटर वेगळं हाय, घराचं वेगळं, ते बरंय.

किल्ल्याजवळ

मुस्लिम वाचकांसाठी थोडंसं. वरचं १३ ब आपल्याला लागू नाही. दोघांच्या राजीखुशीनं वेगळं व्हायला मुबारात आहे, पत्नीनं मागितला तर खुला. हिबा, म्हणजे बक्षीस, तोंडी होऊ शकतो: देणाऱ्यानं देतो म्हणायचं, घेणाऱ्यानं कबूल करायचं आणि ताबा द्यायचा. तरी बँक, महापालिका, पुढचा खरेदीदार, सगळे कागद मागतात. नोंदणी केलेली बरी. आणि मेहेर राहिला असेल तर घराच्या हिशेबात तो मिसळू नका, वेगळा लिहा.

वेणूची_आई

नवा मसुदा झाला. तिच्या बाबांशी दोन संध्याकाळी बसून बोलले. पाटल्यांचं आणि घरखर्चाचं धरून आठऐवजी पाच लाख ठरले, पण तीन वर्षांत नाही, दस्ताच्या दिवशी एकरकमी. त्यांनाही पुण्यात अनामत भरायला पैसे लागणार आहेत. बँकेशी बोलले. जुनं कर्ज माझ्या एकटीच्या नावावर होऊ शकेल असं दिसतंय, भाऊ जामीनदार. पाच लाख मी ठेव मोडून देणार.

मग बक्षीसपत्र होत नाही, तर आम्ही सरळ मोबदला दाखवून त्यांच्या अर्ध्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र करतो आणि पूर्ण शुल्क भरतो. हिस्सा साडेबावीस लाखांचा. रेडी रेकनरनंही (सरकारी दरपत्रकानं) तेवढाच आला तर मूळ पाच टक्क्यांनी १ लाख १२ हजार ५००, वर महापालिका हद्दीतला अधिभार आणि नोंदणी फी. निम्मं ते देणार म्हणाले. सवलत घेतच नाही म्हटल्यावर दस्त घटस्फोटानंतर निवांत केला तरी चालेल ना?

आकडेमोड

मी सीए आहे. निवांत करू नका, तोट्यात जाल.

तुम्ही त्यांच्या हिश्श्यासाठी पाच लाख एकरकमी देताय आणि त्यांच्या वाट्याचं सात लाखांचं कर्ज अंगावर घेताय. एकूण बारा लाख. हिश्श्याचं मुद्रांक मूल्य साडेबावीस. आयकर कायद्यात स्थावर मालमत्ता मुद्रांक मूल्यापेक्षा बरीच कमी देऊन घेतली तर मधला फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. तुमच्या बाबतीत साडेदहा लाख. नातेवाइकाकडून घेतली तर हे लागू होत नाही, आणि पती-पत्नी नातेवाईक आहेत. हुकूमनामा झाला की ते नातं संपतं. म्हणून दस्त लग्न कायद्यानं टिकून आहे तोवरच करा.

दुसरी भीती लोक घालतात ती अशी, की नवऱ्यानं बायकोला मालमत्ता दिली तर तिचं भाडं त्याच्याच उत्पन्नात धरतात. वेगळं राहण्याच्या कराराच्या संदर्भात दिलेल्या मालमत्तेला त्यातून वगळलेलं आहे. तुमचा घरगुती करार इथं कामाला येतो. दस्ताच्या सुरुवातीला त्याचा तारखेसह उल्लेख करा. तिच्या बाबांनी भांडवली नफ्याचं स्वतंत्रपणे सीएकडून बघून घ्यावं, २०१४ ची खरेदी आहे.

मूळचा_बार्शीचा

पण आधी दस्त केला, पैसे दिले आणि सहा महिन्यांनंतरच्या कोर्टाच्या दुसऱ्या तारखेला कुणी एकानं संमती मागे घेतली तर? तसं करता येतं ना?

सुलभा_कौटुंबिक

येतं. अंतिम हुकूमनाम्यापर्यंत संमती मागे घेता येते, हेही त्याच १९९१ च्या निकालात आहे. म्हणूनच विनामोबदला बक्षीसपत्र आधी करून ठेवण्याची मला नेहमी धास्ती वाटते. घर गेलं आणि घटस्फोटही नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत. बक्षीसपत्र सहजासहजी परत घेता येत नाही.

ताईंच्या बाबतीत धोका कमी आहे, कारण हा व्यवहार स्वतःच्या पायावर उभा आहे. त्यांनी पैसे घेतले, कर्जातून सुटले, हिस्सा सोडला. उद्या संमती फिरली तरी कुणाचं फुकट काही गेलेलं नसेल. तरी क्रम असा ठेवा. संमती अटींत फ्लॅटचं पूर्ण वर्णन, पाच लाख, कर्ज आणि दस्ताची मुदत लिहा आणि दोघांनी न्यायालयाला तशी हमी द्या. मग पहिला अर्ज. मधल्या काळात कर्जाची बदली, आणि दुसऱ्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात दस्त. न्यायालयाला दिलेली हमी मोडणं सोपं नसतं, अवमानापर्यंत जातं.

कुणी म्हणेल, हुकूमनाम्यातच फ्लॅट लिहून घ्या, नोंदणी लागत नाही. त्यासाठी फ्लॅट हा अर्जाचा विषय असावा लागतो, नुसता तडजोडीत आलेला चालत नाही. शिवाय बँकेला आणि पुढच्या खरेदीदाराला नोंदवलेला दस्त समजायला सोपा जातो. मी दस्तच सुचवेन.

विजापूररोड

मुलीच्या बाबांना घरी येऊन मुलीला भेटता येईल का, हेही लिहिलंत का? घर तुमचं झाल्यावर ते दारात पाहुणे होतात. मुलीला मात्र ते घर दोघांचंच वाटत असतं. कोणत्या रविवारी, मे महिन्याच्या सुट्टीत किती दिवस, गड्ड्याच्या जत्रेला कुणाबरोबर, हे तिला विचारून लिहा. सातवीतली मुलगी सांगू शकते.

वेणूची_आई

विचारलं. जत्रा बाबांबरोबर, दिवाळी इथं, सुट्टीत पुणे. तिनंच वहीत लिहून दिलं, ते तसंच अटींत घालतोय.

काका, दस्ताच्या दिवशी काय काय न्यायचं आणि नंतर काय बदलायचं, तेवढं एकदा सांगाल का?

दस्तनोंदणी

दोघांचे आधार आणि पॅन, मूळ खरेदीखताची प्रत आणि इंडेक्स टू, बँकेची ना हरकत, घरपट्टीची अलीकडची पावती, मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड), दोन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह. एक साक्षीदार तुमच्या बाजूचा, एक त्यांच्या बाजूचा असला तर दोघांनाही बरं. पाच लाखांचा डिमांड ड्राफ्ट आधी काढा आणि त्याचा क्रमांक दस्तात टाका. रोख नको. काही कारणानं सही आणि नोंदणी एका दिवशी झाली नाही, तर सहीपासून चार महिन्यांत नोंदणी झालीच पाहिजे.

नंतर आधी बघा, तुमची बिल्डिंग सोसायटी आहे की अपार्टमेंट. सोलापुरात बरीच अपार्टमेंट आहेत. सोसायटी असेल तर भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव बदलून घ्या आणि नामनिर्देशन नव्यानं करा, जुन्यात बहुधा तिच्या बाबांचं नाव असेल. अपार्टमेंट असेल तर असोसिएशनच्या दप्तरात नोंद करा. मग महापालिकेत घरपट्टी आणि पाणीपट्टी, नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावर फेरफार जिथं लागू असेल तिथं, आणि महावितरणचं मीटर. मीटर लोक सगळ्यात शेवटी करतात आणि वर्षानुवर्षं बिल जुन्या नावानं येत राहतं. ते अर्जासोबत इंडेक्स टूची प्रत जोडून ऑनलाइनही होतं.

वेणूची_आई

अपार्टमेंटच आहे. मीटर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, आत्ता बिल काढून बघितलं. उद्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन वकिलांची वेळ घेते. तिच्या बाबांनी त्यांच्याकडून वेगळे वकील बघितलेत. पहिला अर्ज दाखल झाला की इथं लिहीन.